समेविना

पखवाजावर बसणाऱ्याचं आयुष्य समेकडे तोंड करून जातं. गाणारा कुठेही फिरून येवो, टाळकरी थोडे पुढे धावोत, चाल वर चढल्यावर उतरायला वेळ लागो, पहिली मात्रा येणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तिथे सगळे एकदम येऊन पडतात आणि माना हलतात. मी निमगाव साव्याच्या भजनात पखवाज वाजवतो. पोटापाण्यासाठी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होतो, आता निवृत्त आहे. देव कसा आहे असं मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, समेसारखा. तो दिसत नाही, पण चाल त्याच्याकडेच निघालेली असते आणि वेळेवर तो भेटतोच. अशा माणसाला अडचणीत टाकणारा एक प्रश्न गेले काही महिने माझ्या डोक्यात आहे. ज्या आवाजात सम नाही, सूर नाही, शब्द नाही, त्याच्यापुढे भक्तीने बसता येतं का? आणि बसता आलं, तर ती भक्ती कुणाची?

प्रश्न माझ्या पुतणीने घरात आणला. ती पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करते आणि उरलेल्या वेळात 'नॉइज' करते. असं नॉइज करणाऱ्या मंडळींचा एक छोटा महोत्सव होता. "काका, या. नाही आवडलं तर मधेच उठलात तरी कुणाला राग येत नाही," असं तिने सांगितलं म्हणून गेलो. एक जुनं गोदाम, खाली सतरंज्या, चार कोपऱ्यांत चार मोठे स्पीकर आणि पन्नासेक माणसं, बरीचशी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाची. दारात एक मुलगा कानात घालायचे फोमचे बोळे वाटत होता. आमच्याकडे दारात बुक्का लावतात, इथे बोळे देतात, असं मनात येऊन हसू आलं.

पहिल्या मुलाने मिक्सरमधून बाहेर येणारी वायर त्याच मिक्सरच्या आत खोचली. बाहेरून काहीच जात नव्हतं. यंत्र स्वतःलाच ऐकत होतं आणि त्यातून किंकाळी, गुरगुर, मधेच उकळत्या पाण्यासारखा आवाज निघत होता. जपानमधले तोशिमारू नाकामुरा या पद्धतीसाठी ओळखले जातात, असं पुतणी कानात म्हणाली. नंतर एका मुलीने पत्र्याच्या तुकड्याला कंपनं पकडणारा बारका माईक चिकटवला आणि त्यावरून खिळा, वाळू, साखळी ओढली. शेवटी माझी पुतणी. तिने आमच्या शिवारातली डीपी आणली होती.

डीपी म्हणजे शेतावरचा ट्रान्सफॉर्मर. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, आणि ट्रान्सफॉर्मरचं लोखंड त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला १०० वेळा थरथरतं. पेटीवर शोधलं तर हा सूर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर लागतो. तो मी तिथल्या तिथे ओळखला, कारण आमच्या वस्तीवर रात्री झोप लागण्यापूर्वी शेवटचा तोच कानावर पडतो. त्यावर तिने स्टार्टरचा खटका बसवला होता, पाणी उचलण्याआधीची मोटरीची घरघर होती, आणि फार लांबून कुणाच्या तरी मोबाईलवरचं गाणं. आमच्या भागात थ्री फेज रात्रीची असली की माणसं पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला अंधारात जातात, आणि बिबट्याला आपली चाहूल लागावी म्हणून मोबाईलवर मोठ्याने गाणी लावतात. हे सगळं तिने ताणलं, एकावर एक चढवलं, इतकं की सतरंजीखालची फरशी हलायला लागली. शेवटी गाणं ओळखू येईना, मोटर ओळखू येईना. उरला तो नुसता दाब.

आता माझं काय झालं ते सांगतो. सुरुवातीला माझी बोटं मांडीवर मात्रा शोधत होती. सात मोजल्या, मोडल्या. अकरा मोजल्या, त्याही मोडल्या. मला वाटत होतं की हिने कुठेतरी ठेका लपवला असणार. चिडचिड झाली. ही चिडचिड आवाजाच्या कर्कशपणाची नव्हती, त्याची तर आम्हाला सवय आहे. ती होती, येणारच अशी खात्री असलेलं काही न येण्याची. मग कधीतरी बोटं थांबली. झोप आली नव्हती, उलट कान जास्त उघडले होते. एकाच गुणगुणीत तीन-चार थर आहेत, त्यातला एक आत-बाहेर होतोय, हे तेव्हा ऐकू यायला लागलं. पुढे काय येईल याची वाट कुणीच पाहत नव्हतं, कारण वाट पाहणाराच जागेवर नव्हता.

घरी आल्यावर गीतेचा दुसरा अध्याय आठवला. कर्म कर, फळावर डोळा ठेवू नकोस, हे शाळेत मी कितीतरी वर्षं मुलांना समजावून सांगितलं. पण ते हातांच्या कामाबद्दल आहे असंच मी धरून चाललो होतो. कानांचंही कर्म असतं. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं येतं, कीर्तनाच्याही आधी. दासबोधाच्या चौथ्या दशकाची सुरुवातही श्रवणभक्तीनेच होते. आणि ऐकण्याचं फळ म्हणजे सम, अर्थ, गोड शेवट. तालात ऐकणारा प्रत्येक मात्रेला थोडं उद्याचं मागून घेत असतो. त्या गोदामात मागायला काहीच नव्हतं, आणि तरी मी ऐकत होतो.

यावर कुणी म्हणेल, ही परदेशी खुळं आहेत, त्यात गीता कशाला ओढता? त्याला एक गोष्ट सांगायला हवी. या खुळाच्या एका मुळाशी पखवाज आहे. अहमदाबादच्या गीता साराभाई पखवाज वाजवणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या काही स्त्रियांपैकी. १९४६ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या, तिथे जॉन केज या संगीतकाराकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या आणि बदल्यात त्यांनी त्याला आपलं संगीत शिकवलं. केजचा तो काळ वाईट होता, संगीत करावं कशासाठी हेच त्याला कळेनासं झालं होतं. गीताबाईंनी आपल्या गुरूंकडून ऐकलेलं उत्तर त्याला दिलं: संगीत मनाला शांत आणि सावध करतं, म्हणजे ते दैवी स्पर्शाला मोकळं होतं. हे उत्तर केजने जन्मभर सांगितलं. १९५२ मध्ये त्याची ती प्रसिद्ध रचना आली, चार मिनिटं तेहेतीस सेकंद काहीही न वाजवण्याची. पियानोवर तेव्हा डेव्हिड ट्यूडर बसला होता. लोकांनी ऐकला तो छपरावरच्या पावसाचा आणि आपापसातल्या कुजबुजीचा आवाज. पुढे १९६९ मध्ये हाच ट्यूडर अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आला आणि मूग सिंथेसायझर जोडून तिथला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. तिथे ज्यांनी ध्वनिफिती केल्या त्यांत गीताबाईही होत्या. म्हणजे हा विचार आपल्याकडून गेला आणि आपल्याकडे परत आला. मधल्या वळणात त्याचे सूर गळून पडले, एवढंच.

आणि सूर तरी आपण कुठे एवढे सोवळ्यात ठेवले आहेत? मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात, म्हणजे तार घोडीला हलकी घासावी आणि तिच्यातून झणझणाट निघावा. तार स्वच्छ वाजली तर तंबोरा मुका वाटतो. मी स्वतः भजनाआधी पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक थापतो, ती तिला जड करण्यासाठीच. आणि काशाच्या टाळांच्या चाळीस जोड्या घ्या, त्यातल्या दोन जोड्याही एका सुरात मिळणार नाहीत. पावली रंगात येते तेव्हा डोक्यावर जो चकाकता कल्लोळ उठतो, तो त्या न मिळण्यातूनच. गोंगाट आमच्या भजनात पहिल्यापासून आहे. फक्त समेने त्याला कमरेला धरून ठेवलेलं आहे.

इथे मोह होतो, आणि आमच्या भागात तो जास्त होतो, कारण खोडद जवळ आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, १४ मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. ही जागा निवडण्यामागे एक कारण होतं की इथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मी शाळेची मुलं घेऊन तिथे जात असे. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्मच गोंगाटातून झाला. १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की हा इंजिनिअर समुद्रापार चालणाऱ्या रेडिओ टेलिफोनमधली खरखर शोधत होता. जवळची वादळं सापडली, लांबची सापडली, पण एक बारीक, अखंड फुस्स आवाज कशातच बसेना. त्याने चिकाटीने नोंदी ठेवल्या तेव्हा दिसलं की तो आवाज २३ तास ५६ मिनिटांनी वाढतो. सूर्याचा दिवस २४ तासांचा, ताऱ्यांचा ४ मिनिटांनी लहान. आवाज आकाशगंगेतून येत होता. मुलांना हे सांगताना माझा आवाज दरवेळी चढायचा, कारण पखवाजवाल्याला ते आवर्तन वाटणारच! २०२३ मध्ये जगभरच्या शास्त्रज्ञांनी गुरुत्वीय लहरींच्या एका गुणगुणीचा पुरावा मिळाल्याचं जाहीर केलं. त्यात खोडदच्या निरीक्षणांचाही वाटा होता. त्या लहरींचं एकेक आवर्तन पुरं व्हायला वर्षंच्या वर्षं लागतात.

मोह हा की, बघा, सम सगळीकडे आहे, आपलं आयुष्य तिला पुरत नाही एवढंच. कीर्तनात हे वाक्य टाकलं तर टाळ्या पडतील. पण खोडदच्या माणसांना विचारलं तर ते दुसरी बाजूही सांगतील. विजेच्या तारांवर सैल जोड असला की तिथे ठिणगी उडते आणि तिचा गोंगाट अँटेनांत शिरतो. तो कुठून येतो हे शोधत त्यांना शिवारात फिरावं लागतं. ती ठिणगी आकाशाचा निरोप नसते. सैल बसलेला क्लॅम्प असतो, तो आवळला की आवाज बंद. प्रत्येक गोंगाटाच्या पोटात देवाचा ताल दडलेला आहे असं म्हणणं म्हणजे गोंगाट ऐकणं नव्हे, आपल्याला हवं ते त्याच्या तोंडी घालणं आहे. त्या गोदामात मला जे मिळालं ते लपलेली सम सापडल्यामुळे मिळालं नव्हतं. ती नसताना बसता आलं म्हणून मिळालं.

आळ्याच्या रेड्याकडेही मी आता या अंगाने पाहतो. आळे आमच्या जुन्नर तालुक्यातच. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी तिथे आहे. परंपरा सांगते की भावंडं परत निघाली तेव्हा रेडा सोबत होता, आळ्याला त्याने देह ठेवला आणि माउलींनी त्याला समाधी दिली. गोष्ट सांगताना आम्ही सगळे वेदांपाशी थांबतो. ब्राह्मणांनी अडवलं, रेड्याने ऋचा म्हटल्या, सभा गप्प झाली. पण पैठणपासून आळ्यापर्यंतची वाट मोठी आहे, आणि त्या वाटेवर रेडा पुन्हा वेद बोलल्याचं कुणी सांगत नाही. तो हंबरत आला असेल, रेड्यासारखा. वेद पैठणच्या सभेपुरते, हंबरणं जन्मभराचं. समाधी त्या हंबरणाऱ्याला मिळाली. ज्याच्याकडून आता काहीही सिद्ध करून घ्यायचं उरलेलं नाही त्याच्याबरोबर चालत राहणं, हा मला त्या कथेतला मोठा चमत्कार वाटतो.

याचा माझ्या घराशीही संबंध आहे. माझ्या आईला शेवटच्या काळात पक्षाघात झाला आणि बोलणं गेलं. आवाज येत होता, शब्द येत नव्हते. आम्ही मुलं खाटेभोवती उभे राहून अर्थ लावायचो. भाऊ म्हणायचा पाणी मागतेय, मी म्हणायचो कूस बदलायची आहे, बहीण म्हणायची मामाची आठवण काढतेय. दरवेळी आम्ही आईच्या तोंडाकडे समेसारखे बघायचो. आमची धाकटी वहिनी मात्र शेजारी बसून भाजी निवडायची आणि आईचा आवाज आला की नुसतं "हो हो" म्हणायची. काय समजलं असं विचारलं तर म्हणायची, "समजायचं काय त्यात, बोलतायत ना त्या." आई तिच्याजवळ असताना सगळ्यात जास्त बोलायची. अर्थ लागत नसताना जवळ बसणं म्हणजे काय, हे त्या घरात वहिनीला कुणी शिकवलं नव्हतं. पुतणी त्याच वहिनीची मुलगी आहे, हे मी उगाच लिहीत नाही.

तरी गोंगाटाची आरती ओवाळायला मी निघालेलो नाही. गोंगाटाला कला म्हणणारा जाहीरनामा इटलीच्या लुइजी रुसोलोने १९१३ मध्ये लिहिला, आणि ज्या गटातून तो आला होता तो गट युद्धाचेही गोडवे गाणारा होता. आवाज हे सत्तेचं हत्यार आहे. आमच्याकडे यात्रेत, मिरवणुकीत डीजेच्या भिंती येतात, तेव्हा कुणी म्हणतं, तुम्हाला पुण्याचा गोंगाट चालतो मग हा का नको? भिंतीत तर ठेकाही आहे, देवाचं नावही आहे. खरं आहे. पण भिंतीपुढे ऐकता येत नाही, फक्त सोसता येतं. खिडक्यांची तावदानं वाजतात, म्हाताऱ्यांची छाती धडधडते, गोठ्यातली जनावरं दाव्याला हिसके देतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत वस्तीतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, पण सणाच्या दिवशी ती कोण मोजतो? गोदामातही आवाज त्याहून खूप मोठा होता. पण तिथे दारात बोळे होते, आणि दार उघडं होतं. बाळंतिणीला, आजाऱ्याला, बैलाला भिंतीपासून उठून जाता येत नाही. ज्याला उठून जाता येत नाही त्याच्यावर टाकलेला आवाज, त्यात पांडुरंगाचं नाव असलं तरी, मला पूजा वाटत नाही.

याहून अवघड हरकत आमच्या कीर्तनकार महाराजांची आहे. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी चेष्टा केली नाही. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही सांगता ते निर्गुणाचं ऐकणं आहे. ते खोटं नाही. पण मला सांगा, तिथे तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?" मला सांगता आलं नाही. पन्नास माणसं होती आणि प्रत्येक जण डोळे मिटून आपापल्या आत उतरलेला होता. भजनात माझ्या डावीकडे कोण आहे हे मला डोळे मिटूनही कळतं, कारण त्याचा टाळ समेवर जरा उशिरा पडतो. वारकऱ्यांनी सगुण आणि निर्गुण यांचं भांडण कधी लावलं नाही, दोन्ही एकाचीच नावं मानली. पण पायी वारीला निघताना त्यांनी हातात टाळ घेतला, आणि टाळ एकट्यासाठी नसतो.

महाराजांच्या प्रश्नाने माझी सुरुवातीची समजूत मात्र मोडली. सम देवासारखी आहे, ती येणारच, असं मी म्हणत होतो. ती येणारच असं काही नाही. डीपीत ती नाही, रेड्याच्या हंबरण्यात नाही, आईच्या शेवटच्या बोलण्यात नव्हती. जग तिच्याशिवाय चालू शकतं आणि बराच वेळ तसंच चालतं. आमच्या देवळात ती येते, कारण दिवसभर कांदा काढून, ऊस तोडून आलेली चाळीस माणसं ठरवतात की आपण एका ठिकाणी पडायचं. कुणी थोडा थांबतो, कुणी थोडा धावतो, आणि ती घडते. समेविना बसल्यावर मला हे कळलं की सम आपल्याला मिळत नसते, आपण ती एकमेकांना देत असतो. महाराजांनी शेवटी विचारलं, "मग सप्ताहात पखवाजावर कोण?" मी म्हणालो, "मीच. पण आता मला माहीत आहे की ती आपोआप येत नाही. म्हणून जरा जपून वाजवीन."